सोळाच्या वरचा आकडा

"दुबार नंबर चार," देवस्थळी सरांनी फळ्यावर लिहिलं आणि वळून आम्हा दोघींकडे पाहिलं. "क्यूंची संख्या. वैजयंती वर तपासते, मंजिरी खाली तपासते. एकच गोष्ट दोन ठिकाणी. एक काढा."

"कुणाची, सर?" वैजूने विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. सोमवारी मला एकच दिसली पाहिजे."

त्यांनी कप उचलला आणि पाचव्या दुबारकडे वळले.

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. एरंडवण्यात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. एकोणीस माणसं, एक गॅलरी आणि सतत गरम होणारी एक सर्व्हरची खोली. आम्ही नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहायचो. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि मशीन यांच्यामधला दुभाषा. तो मशीनच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, बसतो आणि तिथे त्याला अडवणारं कुणी नसतं.

दर शुक्रवारी चार वाजता चहाबरोबर 'दुबार' काढण्याची सरांची पद्धत होती. एकच काम दोन ठिकाणी लिहिलेलं दिसलं की ते फळ्यावर यायचं आणि सोमवारपर्यंत त्यातलं एक पुसलं जायचं. ही पद्धत वेडगळ नव्हती. दोन ठिकाणी लिहिलेली गोष्ट पुढे कुणीतरी एकाच ठिकाणी बदलतो आणि मग दोन्ही वेगवेगळं बोलायला लागतात, हे आम्ही सगळ्यांनीच भोगलं होतं.

आमच्या त्या कार्डावर सोळा क्यू होते, म्हणजे बाहेर जाणारे संदेश थांबायच्या सोळा रांगा. त्यांतल्या किती चालू ठेवायच्या हे कार्ड वापरणारा माणूस ठरवायचा. तो आकडा टाइप करायचा, वैजूचा सेटिंगचा प्रोग्राम तो घ्यायचा आणि माझ्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. माझ्याकडे सोळा खान्यांचा एक तक्ता होता. सतरा आला असता तर ड्रायव्हरने मुकाट्याने सतराव्या जागी लिहिलं असतं, आणि ती जागा त्याची नव्हती. तिथे दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी असायचं. म्हणून आकडा एकापेक्षा लहान किंवा सोळापेक्षा मोठा असला तर वैजू तो परत पाठवायची. आणि तिच्या हातून सुटलाच तर मी परत पाठवायचे.

वैजू म्हणजे वैजयंती नाखवा. रेवदंड्याची, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेली. आमच्याकडे आली ती कार्डं तपासायच्या टेबलावर. सोल्डरिंगच्या धुरात बसून तिने दोन वर्षांत आमचा सगळा कोड वाचून काढला होता. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा तिने माझीच एक चूक दाखवली, तेव्हा मी सरांकडे जाऊन म्हणाले, हिला कोड लिहायला द्या. सरांनी सहा महिने ट्रायल दिली. ते सहा महिने त्या सोमवारी संपत होते. सोमवारी गिऱ्हाइकाचे इंजिनियर डेमो बघायला येणार होते, आणि सरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवार नीट गेला तर तू कोडमध्ये. नाहीतर परत टेबलावर. मग मला विचारायचं नाही."

मी फिजिक्समध्ये एमेस्सी केलं होतं. माझी ट्रायल कुणी घेतली नव्हती.

चहा झाल्यावर आम्ही दोघी गॅलरीत गेलो.

"माझी ठेवू या," वैजू म्हणाली. "माझ्याकडे युजरला नीट मेसेज मिळतो. 'एक ते सोळा यांमधला आकडा द्या.' तुझा ड्रायव्हर काय देतो? उणे बावीस. काय आहे ते, काश्मीरचं तापमान?"

"तो एरर कोड आहे."

"मला माहितीय गं. युजरला माहितीय का?"

"पण उद्या कुणी तुझा प्रोग्राम न वापरता स्वतःचाच लिहिला तर? तो आकडा थेट माझ्याकडे येणार. ड्रायव्हरने वरून आलेल्या कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो, वैजू."

"वरून म्हणजे माझ्याकडून."

"वरून म्हणजे वरून."

"वर मीच बसलेय ना."

ती हे हसतच म्हणाली होती. पण मी हसले नाही. मला वाटलं, आता मुद्दा नीट समजावून सांगावा. मी सांगितला. कर्नल युजरला चोर समजत नाही, फक्त त्याचा शब्द धरून चालत नाही, वगैरे. मी सांगत होते ते बरोबर होतं. ते मत नव्हतं. ड्रायव्हर लिहिणाऱ्या कुणीही तेच सांगितलं असतं.

वैजूने ऐकून घेतलं. मग गॅलरीच्या कठड्यावरची कबुतराची पिसं एकेक करून खाली ढकलत म्हणाली, "सोमवारी सर माझा कोड उघडून बघणार आहेत. चार फंक्शनं आहेत माझी. तीन तू दुरुस्त करून दिलीस. ही एक मी स्वतः लिहिली, तुला न विचारता. तेवढीच आहे."

"म्हणून बरोबर-चूक बदलतं का?"

"नाही बदलत," ती म्हणाली. "बदलत नाहीच."

ती आत गेली. दर शुक्रवारी ती घरी जायची. पावणेसहाला बॅग खांद्यावर टाकून माझ्या टेबलाशी थांबली. "स्वारगेटला जाते. सहा-पंचवीसची अलिबाग आहे."

"बोंबील आण."

"बोंबलाचा वास येतो म्हणून मागच्या वेळी नाक कोण धरत होतं?"

"तरी आण."

ती गेल्यावर मी थोडा वेळ बसून राहिले. मग माझी फाइल उघडली. तपासणी चार ओळींची होती. मी त्या चार ओळी काढून टाकल्या.

मला माहीत होतं की हे चूक आहे. पण असंही वाटलं की सोमवारी तिच्या कोडमध्ये एक तरी गोष्ट अशी असावी जिच्यामागे दुसरं कुणी उभं नाही. डेमो झाला की त्या ओळी मी परत घालणार होते, फळ्यावर दुबार लिहिलं गेलं तरी चाललं असतं. गुरुवारी दोघींची तपासणी तपासून झाली होती. तिची नीट चालत होती. प्रश्नच नव्हता.

सर्व्हरवर कोड चढवायच्या आधी दुसऱ्यांनी दिवसभरात काय चढवलं ते खाली उतरवून बघायचं, असा आमचा नियम होता. मला घाई नव्हती. पण चार ओळींसाठी काय बघायचं, असं वाटलं. नोंदीत मी लिहिलं, 'दुबार काढली'. पुढे वेळ आपोआप पडायची. पाच बावन्न.

शनिवार-रविवार मी फार आनंदात होते. तिला सांगायचं कसं, हे मनात ठरवत होते. शेवटी ठरवलं की सांगायचंच नाही.

सोमवारी दहा वाजता गिऱ्हाइकाकडून येमूल साहेब आले. निवृत्तीला आलेले, सोलापूरचे, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं. सरांनी शनिवारी सर्व्हरवरचा कोड घेऊन डेमोचं मशीन स्वतः तयार केलं होतं. वैजू मशीनपाशी उभी राहिली. अबोली रंगाचा नवा ड्रेस होता, ओढणीला इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. चार क्यू चालू करून दाखवले. मग आठ, मग सोळा. पडद्यावर संदेशांचे आकडे भराभर चढत होते आणि येमूल साहेब मान हलवत होते.

"चांगलं लिहिलाय हो," ते म्हणाले. "आता मी बसू का तिथं?"

"बसा ना," वैजू बाजूला झाली.

"मी कुठंही गेलो की एक चुकीचा आकडा घालून बघतो. बरोबर आकड्याला काय, सगळेच बरोबर वागतेत."

वैजूने माझ्याकडे पाहिलं आणि किंचित हसली. मीही हसले. येमूल साहेबांनी एकशेसाठ टाइप केलं.

पडद्यावरचे आकडे थांबले. आम्ही मेसेजची वाट पाहत होतो. तो आला नाही. सरांनी वाकून एकदोन कळा दाबल्या, मग माउस हलवला. बाण जागचा हलेना. शेवटी त्यांनी बटण दाबून धरलं आणि पडदा काळा झाला.

"होतं असं," येमूल साहेब म्हणाले. "पुन्हा एकदा?"

मशीन चालू झालं. या वेळी त्यांनी सतरा घातला. हळूच, एका बोटाने. पडदा पुन्हा थिजला.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. नंतर चहा घेतला, घरच्या चौकशा केल्या आणि 'कळवतो' म्हणाले. काय कळवणार हे सगळ्यांनाच कळलं होतं. त्यांचा चहा चालला होता तेव्हा वैजू तिच्या मशीनपाशी पाठमोरी बसून काहीतरी वाचत होती. मी मनात म्हणत होते, गुरुवारी तर चालत होती, हिने नंतर त्यात काय बदललं? खरं सांगायचं तर माझ्या मनात त्या वेळी तिच्याविषयी राग होता.

साडेअकराला सरांनी दोघींना आत बोलावलं. येमूल साहेब बाहेर गाडीची वाट बघत होते, म्हणून दार लावून घेतलं.

"वैजयंती, आकड्याची तपासणी तुझ्या प्रोग्राममध्ये होती. मी गुरुवारी पाहिली होती. कुठे गेली?"

"काढली, सर. शुक्रवारी."

म्हणजे आता ती कुठेच नव्हती.

"का काढलीस?"

"दुबार होती," वैजू म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती सरांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होती.

सर माझ्याकडे वळले. "मंजिरी?"

त्यांनी एवढंच विचारलं. माझं नाव आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. मला आठवतं की मला पुरेसा वेळ मिळाला होता. बाहेर जिन्यावर कुणीतरी चढत होतं, त्याची सहा-सात पावलं मी मोजली.

"तपासणी एकाच ठिकाणी ठेवायची असं ठरलं होतं, सर," मी म्हणाले.

या वाक्यात खोटं काही नव्हतं. मी ते आजही शब्द-शब्द तपासू शकते.

आता वैजूने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ती सरांना म्हणाली, "हो सर. तसंच ठरलं होतं."

"ठीक आहे," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "वैजयंती, उद्यापासून टेबलावर."

मी जागेवर येऊन सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. शुक्रवारच्या शेवटच्या दोन नोंदी एकाखाली एक होत्या. खालची माझी, पाच बावन्नची. वरची वैजूची, पाच चाळीसची. म्हणजे बॅग घेऊन ती माझ्या टेबलाशी आली, बोंबलांवरून मला हसली, त्याच्या पाच मिनिटं आधीची. तिने लिहिलं होतं, 'मंजिरी म्हणते ते बरोबर आहे. तपासणी खालीच हवी. इथली काढली.'

मी टेस्टिंगच्या टेबलाकडे गेले. ती खुर्चीची उंची कमीजास्त करून बघत होती. मधल्या सहा महिन्यांत त्या खुर्चीवर दुसरंच कुणीतरी बसत होतं.

"तू पाहिलं होतंस? माझी नोंद?"

"चहाच्या वेळी."

"मग आत बोलली का नाहीस?"

"सर तुलाच विचारत होते की." तिने खुर्ची आणखी एक खाच खाली घेतली. "वाटलं, तुझं तू सांगशील."

"मी आत्ता जाते."

"आत्ता कुठे जातेस? ते येमूल साहेबांना सोडायला स्टेशनवर गेलेत."

सर दोन वाजता परत आले. मी गेले नाही. त्यांना जेवू दे, असं म्हटलं. मंगळवारी ते चिडलेले होते. बुधवारी गिऱ्हाइकाचं नकाराचं पत्र आलं, त्या दिवशी जाणं शक्य नव्हतं. मग जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं. चार ओळी मी बुधवारीच परत घातल्या होत्या. शुक्रवारी फळ्यावर दुबार लिहिले गेले, पण आमचा त्यांत नव्हता. आता ती तपासणी एकाच ठिकाणी होती.

डबा आम्ही एकत्रच खात होतो. वैजू माझ्याशी नेहमीसारखी बोलायची. फक्त कोडबद्दल तिने एकही प्रश्न विचारला नाही. तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी तिने राजीनामा दिला. टेबलाच्या खणातल्या वायरी नीट गुंडाळून, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी लावून ठेवली आणि गेली.

सोमवारी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे," सर म्हणाले.

"वैजूने सांगितलं?"

"नाही. त्याच दिवशी, तुम्हाला आत बोलवायच्या आधी मी नोंदी पाहिल्या होत्या. दोन्ही."

"मग मला का विचारलंत, सर?"

"तुझ्याकडून ऐकायचं होतं."

"आणि ऐकायला मिळालं नाही, तरी वैजूला टेबलावर..."

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक काम हातचं गेलं होतं. ड्रायव्हर लिहू शकणारी तू एकटी होतीस. तुला मी खोटं पाडलं असतं आणि तू गेली असतीस, तर मला हे सगळं गुंडाळावं लागलं असतं. डिप्लोमावाल्या मुलीला टेबलावर बसवणं सोपं होतं." त्यांनी खण उघडून कंपनीचं कोरं लेटरहेड काढलं. "सोपं होतं म्हणून केलं. माझं चुकलं. पत्र देतो. कोडमध्येच, कायम, ट्रायल नाही. तू घेऊन जा."

रविवारी मी रेवदंड्याला गेले. घर शोधायला त्रास पडला नाही. तिची आई अंगणात बांबूच्या वलांडीवर मासळी वाळायला पसरत होती.

"पुन्याची मंजिरी का तू?" तिने हात पदराला पुसले. "ये गो, बस. वैजे, तुजी मैत्रीन आलीय. सारखी तुजीच गोष्ट सांगायची ही, मंजिरीनी असं शिकवलं, मंजिरी तसं म्हनते."

वैजू ओटीवर बसली होती. समोर होडीवरचा वायरलेस सेट उघडून ठेवला होता, मिठाने गंजलेला. कुणाकुणाचे आणखी तीन सेट भिंतीशी होते.

"आधी जेव," ती म्हणाली. "मग काय ते बोल."

जेवण झाल्यावर मी पत्र दिलं. तिने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, सुटले. तिने विचारलं की नव्या कार्डाचा ड्रायव्हर सुरू झाला का, त्याला क्यू किती आहेत. मी सांगितलं, चौसष्ट. ती म्हणाली, मग तक्ता आधीच ठरावीक ठेवून चालणार नाही, कार्डाला विचारून तेवढाच करावा लागेल. मी तेच करत होते. अर्धा तास आम्ही ओटीवर बसून तेच बोललो. तिने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर खाने काढून दाखवले. मी पाहत होते, तिचे हात भराभर चालत होते.

मग ती थांबली. पेन्सिल खाली ठेवली.

"मला यायचंय गं," ती म्हणाली. "किती यायचंय ते तुला नाही कळणार."

"मग ये."

"तुझ्या शेजारी बसायचं ना?"

"हो."

"मग नाही जमायचं." तिचा आवाज अगदी साधा होता. "तू खोटं बोलतेस असं नाही मला वाटत. तू खोटं बोलतच नाहीस, मला माहितीय. पण आता तू काही बोललीस की मी दर वेळी बघत बसेन, हे खरंय ते ठीक, पण पुरं आहे का? दिवसातून शंभर वेळा. तू म्हणशील चहा घेऊ या, तरी मी बघेन. त्यात माझं डोकं जाईल सगळं. कोडला काय उरणार?"

मी म्हणाले, "मी सरांना सगळं सांगितलंय, वैजू."

"कधी?"

"सोमवारी," मी म्हणाले.

"मी गेल्यावर," ती म्हणाली.

आतून आईने विचारलं, चहा टाकू का. वैजू म्हणाली, "टाक, आये." आम्ही चहा प्यायलो. मग ती मला एसटीच्या थांब्यावर सोडायला आली. वाटेत तिने कुठल्या होडीचा सेट कसा बिघडला होता ते सांगितलं. बस आली तेव्हा तिने घडी केलेलं पत्र माझ्या हातात दिलं.

"हे सरांना परत दे. आणि का येत नाही तेही सांग. सगळं सांग."

"सांगते."

"जा सांभाळून."

मी खिडकीपाशी बसले. बस वळली तोवर ती घराकडे चालायला लागली होती. पुण्याला पोचेपर्यंत मी सरांना काय सांगायचं त्याची वाक्यं मनात जुळवत होते. वडखळपर्यंत एक झालं, खोपोलीपर्यंत दुसरं. सगळी खरी होती. आणि दर वेळी वाक्य पुरं झालं की मी ते पुन्हा म्हणून पाहत होते, तेव्हा कळायचं, यातही माझं नाव आलेलं नाही.